मॅडमच्या मशीनवर सगळं दिसतं

"हळू बोल. मॅडमच्या मशीनवर सगळं दिसून राह्यलं."

"बोललेलं बी?"

"बोललेलं न्हाई रे येड्या, टाइप केलेलं. पण काय भरोसा? माइक लावला असंल तर?"

माझ्या काचेच्या केबिनच्या दाराखाली बोटभर फट होती. तिच्यातून थंड हवा बाहेर जायची आणि बाहेरचं बोलणं आत यायचं. बोलणारा भगवान होता. केदारखेड्याहून रोज एसटीने येणारा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, आवाज दाबून बोलला तरी वर्गभर ऐकू जाणारा. ऐकणारा त्याचा मित्र संतोष. दोघं चपला काढत दारात उभे होते. मी माझ्या मशीनकडे बघितलं. त्या वेळी तिच्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता, आणि तोही अडकला होता.

या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं मी जालन्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची इन्चार्ज होते. बाहेरच्यांना वाटतं, ही बाई कॉम्प्युटर शिकवत असेल. शिकवायला वेगळे सर होते. माझ्याकडे मशीन सांभाळायचं काम. सकाळी मशीनवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढायच्या, संध्याकाळी घालायच्या. मुलांनी आणलेली प्रत्येक फ्लॉपी व्हायरससाठी तपासायची. व्होल्टेजवर लक्ष ठेवायचं, कारण एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्ट्या जोरात असल्या की आमचे पंखे हळू फिरतात, असं सगळं गाव म्हणायचं, आणि पंखे खरंच हळू फिरायचे. इंटरनेट मागच्या रांगेतल्या मशीनवर होतं, तेही ऑफिसच्या फोनच्या तारेवरून. ऑफिसात कुणी फोन उचलला की लाइन तुटायची आणि उचलणाऱ्याच्या कानात चिरका आवाज जायचा. आमचे हेडक्लार्क रिसीव्हर धरून लॅबच्या दारात येत आणि म्हणत, "पुन्हा कुणीतरी किंचाळलं मॅडम. तुमच्यातलंच हाये."

चपला बाहेर काढायचा नियम धुळीसाठी होता. पण चपला बाहेर काढल्या की माणूस आत देवळात आल्यासारखा वागतो. दसऱ्याला आमचे शिपाई सांडूभाऊ प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावत, आणि माझ्या मशीनला झेंडूचा हार. एका वर्षी त्यांनी सीडीच्या खणात अक्षता टाकल्या. खण उघडा होता, त्यांना वाटलं त्यासाठीच आहे. दिवाळीनंतरही त्या खणातून तांदळाचे दाणे निघत होते.

अशा जागी मुलं शिकायला यायची तेव्हा त्यांच्या मागण्याही देवळातल्यासारख्याच असायच्या. भगवान एकदा म्हणाला, "मॅडम, इंटरनेटला इचारा ना, यंदा पेपरात काय येनार."

"त्याला कसं कळणार?"

"सगळं कळतं त्याला. तुम्ही इंग्लिशमधून इचारा. आम्ही इचारलं की ते उलटं बोलतं. तुमचं इंग्लिश चांगलं, म्हणून तुमचं ऐकतं."

त्याची खात्री पटावी म्हणून मी खरंच टाइप केलं. अमेरिकेतल्या कुठल्या तरी शाळेचा इतिहासाचा पेपर आला. भगवानने तो छापून घेतला, घडी करून खिशात ठेवला. परीक्षेनंतर तो तक्रार घेऊन आला.

"त्यातलं एक बी आलं न्हाई."

"मी कुठे म्हटलं होतं येईल म्हणून?"

"तुम्ही न्हाई. कॉम्प्युटर म्हनला होता."

इंग्लिशचं हे प्रकरण मला नवीन नव्हतं. मी शिकले औरंगाबादला, इंग्रजी शाळेत. तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की वर्गाबाहेर उभं करत. तेव्हापासून तोंड उघडायच्या आधी आजूबाजूला बघायची मला सवय लागली. वडिलांना जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो. माझं मराठी इथल्या मुलांना पुस्तकी वाटायचं, आणि माझं इंग्रजी त्यांना उपयोगी वाटायचं. कुणी माझ्याशी गोड बोललं की दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात इंग्रजीतून लिहायचा अर्ज असायचा. म्हणून मी कमी बोलायला लागले, आणि मी जेवढी कमी बोलले तेवढं मला जास्त कळतं असा सगळ्यांचा समज होत गेला.

तो समज पेरला मात्र दुसऱ्याने होता. लॅब उभी राहिली ती संस्थेचे सचिव, म्हणजे शेठजी, यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. शेठजींचं घराणं राजस्थानातलं, पण कितीतरी पिढ्या जालन्यातच. बियाण्याचा मोठा व्यापार. मशीन बसवायला आलेला कंपनीचा माणूस त्यांना माझ्यासमोरच सांगत होता, "शेठजी, बाकीचे कॉम्प्युटर म्हणजे पोरं आणि केबिनमधला म्हणजे हेडमास्तर. सगळा कंट्रोल इथून."

शेठजींनी विचारलं, "मतलब, कोण काय करतं ते इथं दिसणार?"

"बिलकुल," तो म्हणाला.

तसं काही नव्हतं. माझ्या मशीनवर सगळ्यांच्या फाइल साठवल्या जात आणि प्रिंटरला आज्ञा इथून जाई. दुसऱ्याचा पडदा आपल्या पडद्यावर दिसायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ते कुणी घेतलंच नव्हतं. माझा नोकरीचा पहिला आठवडा होता. मोठी माणसं बोलत होती. मी गप्प राहिले.

मुलं ओळीने माझ्याकडे तोंड करून बसायची. तेव्हाचे मॉनिटर टीव्हीएवढे जाड. त्यांच्यावरून मला प्रत्येकाचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत. त्यामुळे मी कपाळं वाचायला शिकले. गेम खेळणाऱ्याच्या भुवया उड्या मारतात. नुसता वेळ काढणाऱ्याची नजर सारखी दाराकडे जाते. चॅट करणारा खाली बघून एकेक अक्षर शोधतो, वर बघतो, थांबतो आणि मग एकटाच हसतो. अभ्यास करणाऱ्याचं कपाळ आखडतं आणि मधूनच खाली नाहीसं होतं, कारण तो कागदावर लिहीत असतो. मागच्या भिंतीवर शेठजींच्या कैलासवासी वडिलांची मोठी तसबीर होती. दुपारी ऊन तिरकं आलं की शेवटच्या रांगेतल्या पडद्यांचे रंग तिच्या काचेत उमटत. पत्त्यांचा डाव हिरवा, चॅटची खिडकी पांढरी.

एका दुपारी तसबिरीच्या काचेत पांढरंही नाही आणि हिरवंही नाही, असं काहीतरी उमटलं. मी केबिनचं दार उघडून तिथूनच म्हटलं, "संतोष, ते बंद कर." संतोष ताडकन उठला आणि न सांगता लॅबबाहेर गेला. त्या दिवसापासून मॅडमच्या मशीनवर सगळं दिसतं, हे जालन्यात पक्कं झालं.

खरं सांगते, मला ते सोयीचंच होतं. ओरडावं लागत नसे. पण त्याची दुसरी बाजू हळूहळू कळली. लॅबमध्ये येणारे प्राध्यापक माझ्याशी जास्तच अदबीने वागू लागले. एकांनी मुलगी पास झाल्याचे पेढे आणले, आणि जाताना म्हणाले, "काल मी ते सहज उघडलं होतं हं, मॅडम." काय उघडलं होतं, मला माहीत नव्हतं. मी पेढा घेतला आणि मान हलवली. मग एकदा शेठजी स्टूल ओढून केबिनमध्ये बसले. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "मॅडम, मास्तर लोक बी येतात ना इथं? ते काय बघतात?"

"कामाचंच बघतात, शेठजी."

"बराबर, बराबर. पण ध्यान ठेवा."

त्या दिवसापासून मला प्रत्येकाचाच संशय येऊ लागला. माझ्याशी हसणाऱ्याला काय लपवायचंय, असं आधी मनात यायचं. मुलांना वाटायचं मी शेठजींची माणूस. प्राध्यापकांना वाटायचं तसंच. शेठजींना मी कुणाची वाटत होते कोण जाणे.

मनीषा मात्र माझ्याशी कधी हसली नाही. ती टेंभुर्णीची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. चपलांच्या ढिगापासून दूर, भिंतीला लावून आपल्या चपला नीट ठेवायची. तिचा विषय गणित, आणि आमच्याकडे त्या वर्षी गणिताचे प्राध्यापकच नव्हते. होते ते दिवाळीनंतर दुसरीकडे गेले, तासावर येणारे एक आले आणि यायचे थांबले. लॅबमध्ये मशीनची रांग होती आणि गणिताच्या वर्गात फळा कोरा. याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं, असं प्राचार्यही म्हणत.

मनीषाने ते खरं मानलं. एके दिवशी ती केबिनच्या दारात येऊन म्हणाली, "मॅडम, यात गणिताचे सर असतात का?"

"यात म्हणजे?"

"इंटरनेटात. तिकडं कुणीतरी असंलच ना? आपन इचारलं तर सांगनारं?"

मला वाटलं, ही मला काहीतरी लिहून मागणार. मी दोन साइट काढून दिल्या, इंग्रजीत होत्या, आणि केबिनमध्ये परत आले. तिने नंतर काही विचारलं नाही. मागच्या रांगेत तिचं कपाळ रोज दिसायचं. आधी आखडलेलं, मग खाली गेलेलं, मग पुन्हा वर. अभ्यासाचं कपाळ. पण तसबिरीच्या काचेत तिच्या जागी पांढरी खिडकी होती. चॅटची.

हे दोन्ही एकत्र बसेना. मी फ्लॉपी शोधायच्या निमित्ताने तिच्या मागून गेले. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी होतं. समोरच्याचं नाव पुरुषाचं, त्याला जोडून आकडे, जसे तेव्हा सगळ्यांच्याच नावाला असत. मी वाचलं ते एवढं:

"समजलं का?"

"नाही सर."

"परत बघ. वरचं तसंच ठेव, खालच्याचे दोन भाग कर."

आणि त्याखाली, "जेवलीस का?"

मनीषाने पडद्यावर हात ठेवला. तळहाताने असा कितीसा पडदा झाकणार?

"सर हायेत ते," ती म्हणाली.

"कुठले?"

"पुण्याचे."

"भेटलीस कधी?"

"न्हाई."

"मग सर आहेत हे कशावरून?"

ती म्हणाली, "गणित बराबर येतं ना त्यांना."

'जेवलीस का' आपल्याकडे कुणीही विचारतं. मावशी विचारते, दुकानदार विचारतो. पण ज्याचं तोंड दिसत नाही त्याने विचारलं की ते वेगळं वाटतं. तो खरंच शिकवणारा होता, की गणित येणारा आणखी कुणी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. मी तिला सांभाळून राहा म्हणाले. ती हो म्हणाली. पुढचे काही आठवडे मी तिच्या कपाळावर जरा जास्तच लक्ष ठेवलं. तिचं कपाळ कागदावरच जात होतं. एकटीच हसताना ती मला कधी दिसली नाही.

पण ते पुरुषाचं नाव शेजारच्या मुलांनीही वाचलं होतं. जालन्याहून टेंभुर्णीला एसटी जाते, आणि तिच्यातून बातम्याही जातात. मनीषा कॉलेजात कॉम्प्युटरवर पोराशी बोलते, एवढं गावात पोचलं. तिच्या घरून निरोप आला की वडील येणार आहेत, आणि बहुतेक घेऊनच जाणार आहेत. परीक्षा तोंडावर आली होती.

त्या सकाळी मनीषा केबिनमध्ये आली. पहिल्यांदाच तिने दार लावून घेतलं.

"मॅडम, तुम्ही तर सगळं वाचलं असंल."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"बाकीचं सांगितलं तरी चालंल. एका दिवशीचं तेवढं सांगू नका."

कुठल्या दिवशीचं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण विचारलं असतं तर मला काहीच माहीत नाही हे तिला कळलं असतं, आणि कदाचित जे कळायला नको तेही मला कळलं असतं. ती माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावत उभी राहिली, आणि मग गेली.

दुपारी शेठजींनी मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, पोरीचे वडील येऊन राह्यले. आपल्याला झगडा नको. मशीनवर बघितलं, काही गडबड न्हाई, दोन शब्द बोलून टाका. विषय खतम."

"पण शेठजी, मशीनवर तर..."

"मालूम आहे मला," ते शांतपणे म्हणाले. "तो कंपनीवाला फेकत होता. एवढं बियाणं विकलंय मी, फेकनारा समजत न्हाई का? पण पोरं डरतात ना? मास्तर बी डरतात. मंग चालू द्या."

इतकी वर्षं मला वाटत होतं की लॅबमधलं हे गुपित मला एकटीलाच ठाऊक आहे. त्यांनाही माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही माहीत होतं. तरी ते माझ्या केबिनमध्ये स्टूल ओढून बसले होते आणि मास्तर काय बघतात ते विचारून गेले होते. म्हणजे त्यांना उत्तर नकोच होतं. स्टुलावर बसलेले दिसले की पुरे होतं.

वाईट माणूस नव्हते ते. त्या मुलीचं वर्ष जाऊ नये असं त्यांनाही वाटत होतं. पण दोन शब्द बोलले असते तर मनीषा वाचली असती आणि माझ्या मशीनला कायमचे डोळे मिळाले असते. उद्या दुसरा बाप आला असता, परवा कुणी नवरदेवाकडचा. कुठल्या मास्तरांवर राग धरला की शेठजी मला बोलावणार. एकदा मशीनने चांगलं पाहिलं म्हटलं की वाईटही पाहिलं म्हणावंच लागेल. आणि मशीनवर काहीच दिसत नाही हे खरं सांगितलं, तर त्या मुलीची एकमेव साक्ष आपल्याच हाताने पुसल्यासारखं होणार होतं.

मनीषाचे वडील, रंगनाथराव, टेंभुर्णीचे शेतकरी. दारात कुणी सांगायच्या आधीच त्यांनी चपला काढल्या आणि सांडूभाऊंना विचारलं, "पाय धुऊ का?"

"न्हाई लागत," सांडूभाऊ म्हणाले, "नुसते पुसले तरी चालंल."

ते आत आले. मागोमाग शेठजी, प्राचार्य आणि भिंतीला लागून मनीषा. दाराबाहेर भगवान आणि संतोष आणि आणखी कपाळंच कपाळं. रंगनाथरावांनी माझ्या मशीनला, तिच्यावरच्या वाळलेल्या हाराला, हात जोडले. मग मला जोडले.

"मॅडम, पोरीवर माझा भरोसा हाये," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "पन गावात रोज मी राहतो, ती न्हाई राहत. पारावर चार लोक इचारतात. मला उत्तर देता आलं पायजे. मी मघाशी ऑफिसात आल्तो तवा ही मानसं म्हनली की तुमच्या मशीनवर सगळं दिसतं. मानूस खोटं बोलंल. मशीन न्हाई बोलत. काय असंल ते सांगा. चांगलं असंल तर ती इथं राहील. न्हाई तर आत्ताच्या गाडीने आम्ही निघतो."

शेठजी माझ्याकडे बघून हसले. हो म्हणा, असं ते हसणं होतं. प्राचार्य घड्याळाकडे बघत होते. मनीषा जमिनीकडे बघत होती. तिची त्या एका दिवसाची भीती मला तिच्या कपाळावर स्पष्ट दिसत होती, आणि ती मला घाबरत होती. वडिलांना तेवढी नाही.

मी बोलले. काय ते शेवटी सांगते, कारण नंतर जे झालं ते त्यातूनच झालं.

रंगनाथरावांनी हार बोटाने बाजूला सारला आणि पडद्यामागे वाकून बघितलं, वायरी कुठे जातात ते. मुलीला म्हणाले, "चल." त्या दिवशी ते तिला घेऊनच गेले. शेठजी जाताना एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार शिकलेल्या आहात." त्याचा अर्थ मला कळला.

पुढच्या सोमवारी रंगनाथराव पुन्हा दारात. मागे मनीषा, दप्तर घेऊन. ते सरळ केबिनमध्ये आले आणि शेठजींच्या त्या स्टुलावर बसले. त्यानंतर परीक्षेपर्यंत, शेतातून सवड मिळेल तसे ते मुलीबरोबर यायचे. मुलगी मागच्या रांगेत. हे माझ्या शेजारी, काचेतून बघत.

"आता काय करून राह्यली?"

"गणित."

"कशावरून?"

"कपाळ आखडलंय. बघा, आता खाली जाईल."

कपाळ खाली जायचं. ते मान डोलवायचे. काही दिवसांनी तेच मला सांगू लागले, "त्या पिवळ्या शर्टवाल्याला बघा मॅडम, गेम खेळून राह्यला." आणि तो खरंच खेळत असायचा. पुण्याच्या सरांबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही. मनीषाला विचारलं असेल तर ते त्यांच्यात. तिची पांढरी खिडकी तसबिरीच्या काचेत उमटायची हे मी त्यांना दाखवलं नाही, आणि त्यांनाही ते दिसत असणार असं मला नेहमी वाटत आलं.

लॅबचं मात्र बिनसलं. मुलं मोठ्याने बोलू लागली, पत्त्यांचे डाव उघडपणे मांडू लागली. भगवान दारात येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही आम्हाला फसवलं."

"मी तर काहीच बोलले नव्हते."

"तेच ना," तो म्हणाला. पण त्याच दिवशी तो स्टूल मागून माझ्या बाजूने मशीनवर बसला आणि मराठी टायपिंग कसं करायचं ते विचारू लागला. आधी तो कधी केबिनच्या आत आला नव्हता. त्याला काय हवंय याचा मला अर्धा तास संशय होता. त्याला मराठी टायपिंगच हवं होतं.

पुढच्या वर्षी माझी नेमणूक पुढे चालली नाही. त्याच उन्हाळ्यात लॅबसाठी एक सॉफ्टवेअर आलं, सगळ्यांचे पडदे खरोखर एका पडद्यावर दाखवणारं. ते चालवायला नवीन सर आले. मनीषाने परीक्षा दिली. त्यानंतर तिचं काय झालं ते मला कळलं नाही. ती कळवणाऱ्यांतली नव्हती आणि मी विचारणाऱ्यांतली नव्हते. गणिताची जागा मी निघेपर्यंत रिकामीच होती.

हल्ली तरुण मुलं म्हणतात की मशीनवर सगळं शिकता येतं, आणि त्यांचे पालक विचारतात की मशीनवर सगळं दिसतं का. दोन्ही ऐकलं की मला त्या दुपारची केबिन आठवते. हार घातलेली मशीन, दारात दाटलेली कपाळं, आणि सगळ्यांच्या मधे मी, जिचा आवाज त्या लॅबमध्ये फारसा कुणी ऐकला नव्हता. माझं पुस्तकी मराठी तिथे कसं वाटलं असेल कोण जाणे. मी म्हणाले:

"काका, या मशीनवर कुणाचंच काही दिसत नाही. पहिल्या दिवसापासून दिसत नव्हतं. मी बघितलंय ते माझ्या डोळ्यांनी, या काचेतून. मला तुमची मुलगी गणित सोडवताना दिसली. समोर कोण होतं ते मला माहीत नाही. माझ्या सांगण्यावर भरोसा नसेल तर तुम्ही इथे येऊन बसा. मला जेवढं दिसतं, तेवढंच तुम्हालाही दिसेल."